रंग उतरवताना

मंडळाच्या वार्तापत्रातल्या या 'आरोग्य आणि अर्थ' पानावर आजवर गृहकर्ज, पेन्शन, मधुमेह असे भारदस्त विषय येऊन गेले. त्या रांगेत मी तोंडाचा मेकअप काढायची एक कोरियन डबी घेऊन उभी राहते आहे, याचा थोडा संकोच वाटतो. पण या डबीने माझा एक जुना त्रास कमी केला, आणि तिच्या मागोमाग घरातून जी पैशांची गळती सुरू झाली ती लक्षात यायला मला तब्बल पाच महिने लागले. आरोग्य झालं, अर्थही झाला. तेव्हा संपादकांनी जागा द्यायला हरकत नसावी.

आधी त्रासाबद्दल. आम्ही हूफडॉर्पला आलो त्याला सहा वर्षं झाली. धाकटा इथलाच. त्याच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. बाळंतपणानंतर जातील असं सगळ्यांनी सांगितलं, काहींचे जातातही, माझे राहिले. सांगलीच्या एका काकूंनी फोनवरून 'लिव्हर तपासून घे' असा सल्ला दिला, दुसऱ्यांनी लिंबू चोळायला सांगितलं. वांगाचा यकृताशी संबंध नाही. तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा खेळ आहे. शरीरातली संप्रेरकं आणि बाहेरचा उजेड या दोघांनी मिळून मांडलेला. आणि लिंबाने त्वचा भाजते, हे मी स्वतः करून पाहिल्यामुळे खात्रीने सांगू शकते.

मग मी तेच केलं जे आपल्यापैकी पुष्कळ जणी करतात. झाकलं. सकाळी मुलांचे डबे भरले की आरशासमोर दहा मिनिटं: कन्सीलर, वर थोडी पावडर, डोळ्यांत काजळ, मस्कारा. हूफडॉर्पचा वारा आणि पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. सायकलवरून स्टेशनला पोचेपर्यंत साधं काजळ गालावर येतं, म्हणून सगळं पाण्याला न जुमानणारं घेतलं. खरं सांगायचं तर ऑफिसातल्या कोणीही चार वर्षांत माझा उघडा चेहरा पाहिला नव्हता. दारात पार्सलवाला आला तरी मी मुलीला पुढे करायची. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण त्या वेळी त्यात काही वेगळं आहे असं मला वाटतही नव्हतं.

झाकलेलं रात्री काढायचं असतं. त्यासाठी मी ओल्या वाइप्सची पाकिटं आणायची. दोन वाइप्स गालांना, दोन डोळ्यांना. पाण्याला न जुमानणारी गोष्ट ओल्या फडक्यालाही जुमानत नाही, म्हणून जोर लावायचा. दिवसभराच्या मीटिंगा, स्वयंपाक, मुलांचं झोपवणं झाल्यावर रात्री साडेदहाला माणूस हळुवारपणे काही करत नाही. मी कढई घासावी तसं तोंड घासत होते.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात पापण्या लाल झाल्या, मग त्यांवर कोंड्यासारखे पापुद्रे आले, आणि शेवटी इतकी आग होऊ लागली की स्क्रीनकडे बघवेना. हाउसआर्ट्सकडे गेले. इथल्या डॉक्टरांची आपण पॅरासिटामॉलवरून पुष्कळ थट्टा करतो, पण त्या दिवशी बाईंनी पाचच मिनिटांत नेमका प्रश्न विचारला: 'हे रोज कशाने काढता?' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ. वाइप्समधला साबण त्यावर तसाच राहतो, वरून तुम्ही घासता. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला जिथे सूज येते किंवा रोज घर्षण होतं, तिथे ती आणखी काळी पडते. म्हणजे जे झाकण्यासाठी मी रोज रंग लावत होते, ते हा रंग काढतानाच वाढत असण्याची शक्यता होती. हे ऐकून मी गप्प बसले.

दोन आठवडे तोंडाला फक्त पाणी आणि एक साधं मलम. त्यानंतर बाईंनी वांगासाठी एक गोष्ट सुचवली, ती आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावी: रंग असलेलं सनस्क्रीन. वांगाला अतिनील किरण वाढवतातच, पण डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वाढवतो. साधं पांढरं सनस्क्रीन हा दिसणारा उजेड फारसा अडवत नाही. ज्यात लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गेरूसारखा मातकट रंग मिसळलेला असतो, ते अडवतं. हॉलंडमध्ये ऊन कुठे आहे, असं मीही म्हणाले. पण जून-जुलैत इथलं ऊन चांगलंच कडक असतं, आणि माझं ऑफिसातलं टेबल खिडकीला लागून आहे. खिडकीच्या काचेतून दिसणारा उजेड आणि अतिनील किरणांचा बराचसा भाग आत येतो.

आता पंचाईत अशी की हे मातकट सनस्क्रीन रोज भरपूर लावायचं, आणि ते त्वचेला घट्ट धरून बसतं. काढायचं कसं? वाइप्स बंद, घासणं बंद. ऑफिसात माझ्या शेजारी एक कोरियन मैत्रीण बसते, अ‍ॅमस्टलव्हेनला राहते. तिच्याकडे हे रडगाणं गायले. दुसऱ्या दिवशी तिने घरातली एक न फोडलेली डबी आणून माझ्या कीबोर्डवर ठेवली.

डबीत लोण्यासारखा घट्ट पांढरा बाम होता. सोबत एवढासा चमचा. मैत्रिणीने बजावलं होतं की हात कोरडे, तोंड कोरडं. तोंड धुवायचं म्हणजे आधी पाणी मारायचं, ही चाळीस वर्षांची सवय मोडणं हाच यातला अवघड भाग. चिंचोक्याएवढा गोळा घेतला, तळहातावर तो लगेच वितळून तेल झाला. गालांवर, कपाळावर, मिटलेल्या पापण्यांवर बोटांनी नुसता फिरवला. मिनिटभराने आरशात पाहिलं तर काजळ, मस्कारा, सनस्क्रीन यांचा एकत्र चिखल तोंडभर पसरलेला, एखाद्या कोळसा खाणीतल्या कामगारासारखा. मग ओल्या हातांनी पुन्हा चोळलं आणि ते तेल दुधासारखं पांढरं झालं. पाण्याने धुतलं, सगळं गेलं. जोर कुठेच लावला नव्हता. त्यानंतर नेहमीचा सौम्य फेसवॉश एकदा. कोरियन लोक याला दोनदा धुणं म्हणतात, आणि त्यावरून मोठं शास्त्र उभं केलेलं आहे.

मी न्हाणीघरात उभी राहून विचार केला, हे तर मी पाहिलेलं आहे.

आमचं माहेर सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्याच गावात, त्यामुळे सांगलीत प्रत्येक घरात एकतरी नाटकवेडा असतो. आमच्याकडे तो मामा. बँकेत नोकरी, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हौशी मंडळींचा रंगभूषाकार. मी आठ-नऊ वर्षांची असताना तो मला भावे नाट्यमंदिराच्या रंगपटात नेऊन एका ट्रंकेवर बसवायचा. प्रयोग संपला की नट येऊन बसायचे. मामा त्यांच्या मिशा सोडवायचा, मग ओंजळीत खोबरेल घेऊन त्यांच्या कोरड्या तोंडाला लावायचा. पाणी आधी लावू पाहणाऱ्याला तो ओरडायचा. रंग तेलात सुटला की जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टिपून घ्यायचा, 'घासू नको, टीप' असं म्हणत. आणि शेवटी डाळीच्या पिठाने किंवा साबणाने तोंड धुवायला मोरीवर पाठवायचा. तेलाने तेलातलं काढायचं, मग उरलेलं तेल पिठाने काढायचं. नरकचतुर्दशीला आपण तरी दुसरं काय करतो? आधी तेल, मग उटणं.

गंमत अशी की ही आधुनिक पद्धतही रंगभूषेच्याच धंद्यातून आली, आणि कोरियाच्या आधी जपानमधून. शू उएमुरा हा जपानी रंगभूषाकार हॉलिवूडमध्ये नटनट्यांना रंगवून परत गेला आणि १९६७ मध्ये त्याने तोंड धुवायचं तेल बाजारात आणलं. कोरियन कंपन्यांनी पुढे त्याला बामचं रूप देऊन जगभर पोचवलं. मामाला हे कळलं असतं तर त्याने पेटंट न घेतल्याबद्दल स्वतःच्याच कपाळावर हात मारला असता.

मग डबी कशाला, खोबरेलच वापरावं ना? हाच प्रश्न मला पडला, आणि व्यवसायाने इंजिनिअर असल्यामुळे मी तो सोडवायला घेतला. प्रोग्राममधली चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. दोन आठवडे डाव्या बाजूला खोबरेल, उजव्या बाजूला बाम, बाकी सगळं तेच. धुतल्यावर दोन्ही गालांवरून पांढरा कापूस फिरवून पाहायचा. नवऱ्याने या काळात मला 'अर्धनारी' अशी हाक मारायला सुरुवात केली होती. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी जे दिसलं ते सांगते.

रंग सोडवण्यात दोन्ही सारखेच. खोबरेल कुठेही कमी पडलं नाही. फरक पडला तो नंतर. साध्या तेलाला पाणी लागत नाही, त्यामुळे ते टिपून काढावं लागतं, आणि रात्री टिपता टिपता माझं पुन्हा घासणं सुरू झालं. तरीही डावीकडचा कापूस तेलकट यायचा, आणि दहाव्या दिवशी कपाळाच्या डाव्या बाजूला बारीक पुटकुळ्या आल्या. खोबरेल काही जणांच्या त्वचेची छिद्रं बुजवतं, ते असं. बाममध्ये तेल आणि मेण यांच्याबरोबर तिसरी एक गोष्ट असते, इमल्सिफायर. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. त्यामुळे ओला हात लागताच तेलाचे अगदी बारीक थेंब होऊन ते पाण्याबरोबर निघून जातं. तो दुधाळ रंग म्हणजे हेच थेंब. डबीवरच्या यादीत ज्यांच्या नावात 'पीईजी' किंवा 'पॉलिसॉर्बेट' असतं ते हे लोक. नावं कारखान्यातली वाटतात म्हणून घाबरू नये. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः त्यांचेच. बाकी डबीवर तांदूळ, जिनसेंग, चिखल, फुलं काहीही छापलेलं असो, जी गोष्ट दोन मिनिटांत मोरीतून वाहून जाते तिने चेहरा उजळत नाही. माझे वांग बामने तसूभरही गेले नाहीत. ते थोडे फिके झाले असतील तर सनस्क्रीनने, आणि घासणं थांबल्याने.

जाता जाता एक. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. आमच्या घरात हिवाळ्यात थर्मोस्टॅट १९ वर असतो. म्हणजे आपलं खोबरेल हूफडॉर्पला येऊन आपोआपच बाम होतं, फक्त वर कोरियन अक्षरं नसतात.

मैत्रिणीची डबी संपल्यावर मी स्वतः दुसरी मागवली, आणि तिथे फसले. वास सुंदर होता, संत्र्याच्या सालीसारखा. चौथ्या दिवशी पापण्या पुन्हा पेटल्या. यादी वाचली तर शेवटी लिमोनीन, लिनालूल अशी सुगंधी द्रव्यांची नावं होती. ही काही विषं नव्हेत, बहुतेकांना चालतात; एकदा दुखावलेल्या पापणीला चालत नाहीत. अशा ज्या सुगंधी द्रव्यांची ऍलर्जी येते, त्यांची नावं ठराविक प्रमाणाच्या वर असतील तर युरोपात डबीवर लिहावीच लागतात. २०२३ च्या नियमाने ही यादी २६ वरून ८० च्या वर नेली. नव्या मालाला त्यासाठी जुलै २०२६ पर्यंत आणि दुकानात आधीपासून असलेल्या मालाला जुलै २०२८ पर्यंत मुदत दिली. तेव्हा अंगाला पुरळ येणाऱ्यांनी 'नॅचरल' या शब्दापेक्षा यादीची शेवटची ओळ वाचावी. तिसरी डबी मी बिनवासाची घेतली आणि तीच चालू आहे. आणखी एक पाहावं: डबीवर युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव-पत्ता आहे का. इथे विकायच्या प्रत्येक प्रसाधनावर तो कायद्याने लागतो. नसेल तर तो माल कुठल्या वाटेने आला, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

हाच प्रश्न आपण भारतातून बॅगेत आणलेल्या मलमांबद्दलही विचारायला हवा, पण विचारत नाही. वांगासाठी म्हणून ज्या ट्यूब आपल्याला मैत्रिणी देतात, त्यांतल्या कित्येकींत स्टेरॉइड असतं. लावलं की आठवड्यात चेहरा चकचकीत, बंद केलं की लाली, केस, पुटकुळ्या. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला भारतात २०१८ साली मनाई झाली. तरी माझ्या ड्रॉवरमध्ये त्यानंतर आणलेल्या दोन निघाल्या. कोरियन डबीला शंभर प्रश्न विचारणारी मी, या ट्यूबना एकही विचारला नव्हता.

आता अर्थाकडे. माझी चालू डबी १०० मिलिलिटरची, १८ युरोंची. रोज रात्री वापरून ती ११ आठवडे पुरते. म्हणजे दिवसाला साधारण २३ सेंट, वर्षाला सुमारे ८५ युरो. वाइप्स मी दिवसाला चार वापरायची. त्यांचा खर्च मी कधी मोजलाच नव्हता, मोजला तेव्हा तो यापेक्षा जास्तच निघाला. इथवर हिशेब बामच्या बाजूने आहे.

पण दुकानं एवढ्यावर सोडत नाहीत. डबीबरोबर टोनर, टोनरनंतर एसेन्स, मग सीरम, अँप्यूल, आठवड्याला कागदी मुखवटे. सगळं थोडं थोडं, १२ युरो, १५ युरो. कोरियातून थेट मागवलं तर स्वस्त पडेल म्हणून तेही करून पाहिलं. १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या लहानात लहान पार्सलवरही व्हॅट लागतो, त्यात टपालखर्च मिळवला की फरक उरत नाही. मे महिन्यात मी बँकेचा हिशेब एक्सेलमध्ये ओतला तेव्हा पाच महिन्यांत ३१० युरो चेहऱ्यावर गेले होते. त्याच वर्षी आमचं ३० टक्क्यांचं रूलिंग संपलं होतं. पाच वर्षं झाली की ते संपतं, हे माहीत असूनही हातात येणारा पगार पाहून धक्का बसतोच. नवऱ्याशी मी वीज आणि मुलांचे पोहण्याचे क्लास यांवरून वाद घालत होते, आणि न्हाणीघराच्या फळीवर अर्धवट वापरलेल्या अकरा बाटल्या उभ्या होत्या. मी त्याला आकडा सांगितला. तो काही बोलला नाही, फक्त 'बाम तेवढा ठेव' म्हणाला. आता फळीवर तीनच गोष्टी आहेत: बाम, फेसवॉश, सनस्क्रीन, आणि हिवाळ्यात एक साधं क्रीम.

माझं मत स्पष्ट आहे. जी रोज पाण्याला न जुमानणारा मेकअप किंवा घट्ट सनस्क्रीन लावते, तिने बिनवासाचा बाम जरूर घ्यावा, डोळ्यांत लेन्स असतील तर आधी काढाव्यात, आणि नंतर तोंड धुवावं. जी काही लावत नाही तिला याची गरज नाही. नुसतं पाणी किंवा साधा फेसवॉश पुरे. ज्यांना पुटकुळ्या येत नाहीत आणि टिपायला वेळ आहे, त्यांनी खुशाल खोबरेल वापरावं.

मुलींबद्दल मात्र मी थोडी कडक आहे. माझी मुलगी दहा वर्षांची. तिच्या वर्गातल्या दोघी-तिघी सीरम लावतात. तिने मला विचारलं, 'आई, माझं स्किन कुठल्या टाइपचं आहे?' मी म्हटलं, दहा वर्षांचं. ती रुसली. तिचा रुसवा मला कळतो, कारण आई रोज सकाळी दहा मिनिटं आरशासमोर काय करते हे ती जन्मापासून पाहत आली आहे. तिला काय सांगायचं हे ठरवण्याआधी मला कन्सीलर सोडावा लागला. एकदम नाही जमलं. आधी शनिवारी बाजारात, मग शाळेच्या फाटकाशी, आणि जूनमध्ये एका सोमवारी ऑफिसात. फक्त मातकट सनस्क्रीन, त्यातून वांग दिसतात. कोरियन मैत्रिणीने पाहिलं आणि कॉफी आणायला येतेस का, एवढंच विचारलं.

गणपतीच्या कार्यक्रमात मुलींचे नाच असतात, तेव्हा तोंड रंगतंच, रंगावंच. या वर्षी रात्री दहाला हॉलच्या न्हाणीघरात पेंगुळलेल्या पाच-सहा पोरी बेसिनवर ओळीने बसवल्या होत्या आणि त्यांच्या आया वाइप्सची पाकिटं फोडत होत्या. मी डबी काढली. 'हात कोरडे ठेवा गं, आधी पाणी नको,' असं मीच ओरडले तेव्हा आवाज हुबेहूब मामाचा आला. चिंचोक्याएवढा गोळा सगळ्या गालांवर फिरला. पोरी झोपेतच धुऊन निघाल्या, एकही रडली नाही. डबी घरी आली तेव्हा तळ दिसत होता, त्याचे साडेतीन युरो मंडळाकडे मागावेत की नाही, या विचारात मी अजून आहे.

आईला हे सगळं व्हिडिओवर सांगितलं. तिने डबी कॅमेऱ्याजवळ धरायला लावली, चष्मा वर करून पाहिली.

'म्हणजे मेणात कालवलेलं तेलच ना?'

'हो. आणि धुतलं जातं.'

'मग दिवाळीला उटणं पाठवू का नको?'

'पाठव. पण या वर्षी बिनवासाचं बघ.'

'बिनवासाचं उटणं?' आई म्हणाली, आणि मागे वळून बाबांना हाक मारली, 'अहो, ऐकलंत का हिचं?'